वंगण : कोणाला, कोणते?

गाडीला वंगण हवे, ही गोष्ट आपल्याकडे कोणाला शाळेत शिकवावी लागली नाही. बैलगाडीखाली वंगणाचे नळकांडे लोंबकळत असे. चाक करकरू लागले की गाडीवान खाली उतरून आसाला ते काळे वंगण फाशी आणि पुन्हा वाटेला लागे. आमच्या कानडी मित्रांच्या भाषेत त्यास ‘कीलेण्णे’ असा नेमका शब्द आहे. एण्णे म्हणजे तेल. आवाज आला की वंगण घालावे हा नियम त्या गाडीपुरता बिनचूक होता, कारण तेथे चाकाच्या तुंब्यातील लोखंड आसाच्या लोखंडावर घासत असे. मोटार आली, चाके बदलली, पण नियम तोच राहिला. मोटारीच्या काही भागांना तो आजही लागू पडतो, आणि काही भागांचा मात्र त्याने घात होतो. हे भाग कोणते, आणि त्यांना काय लावावे, एवढेच या लेखात सांगावयाचे आहे.

आमची काकती पुणे–बेंगळूर हमरस्त्यावर आहे. या रस्त्याचा क्रमांक पूर्वी ४ होता, आता ४८ आहे. बाहेरच्यांना गाव ठाऊक असते ते राणी चन्नम्माचे जन्मगाव म्हणून. रोज येणाऱ्या-जाणाऱ्या गाडीवाल्यांना ते ठाऊक असते रस्त्याकडेच्या गॅरेजांमुळे. आमच्या शेजारी एक गृहस्थ राहतात. त्यांना आम्ही सारे अण्णा म्हणतो. ते निपाणीपर्यंत भाड्याची गाडी चालवितात. एका पावसाळ्यात त्यांच्या गाडीची पुढची डावी बाजू खड्ड्यात कुरकुरू लागली. “गाडी ओरडालीय बघ, जरा ग्रीस मार की,” असे त्यांनी वाटेतल्या एका गॅरेजात सांगितले. तेथल्या मिस्त्रीने लोअर आर्मच्या बुशावर लाल ग्रीस चांगले चोपडून दिले. आवाज बंद झाला. अण्णा खूश झाले. दिवाळीनंतर ब्रेक दाबला की गाडी एका अंगाला ओढू लागली, आणि वंटमुरी घाटात ओल्या रस्त्यावर ती चांगलीच बाजूला गेली. आर्म काढून पाहतो तो बुशाचे रबर फुगून मऊ पडलेले, नखाने खरवडले तर निघत होते. टायरची आतली कड झिजून गेली होती. बुशाची किंमत फार नसते, परंतु मजुरी, अलाइनमेंट, टायर आणि बुडालेली भाडी यांची बेरीज केली तेव्हा अण्णांचे तोंड उतरले.

आता हे का घडले ते पाहू. चाक ज्या लोखंडी हाताने गाडीच्या सांगाड्याला जोडलेले असते त्यास लोअर आर्म म्हणतात. हा हात जेथे सांगाड्याला मिळतो तेथे बुश बसविलेला असतो. आत एक पोलादी नळी, बाहेर दुसरी पोलादी नळी, आणि दोहोंच्या मधे रबर. हे रबर दोन्ही नळ्यांना कारखान्यातच उष्णतेने व रसायनाने चिकटविलेले असते. चाक वरखाली झाले की आतली नळी बोल्टाने घट्ट धरलेली राहते, बाहेरची हाताबरोबर फिरते, आणि मधले रबर पिळले जाते. हाताने ओला टॉवेल पिळावा तसे. येथे कोणताही पृष्ठभाग दुसऱ्यावर घसरत नाही. जेथे घसरणे नाही तेथे घर्षण नाही, आणि जेथे घर्षण नाही तेथे वंगणाला कामच नाही. असा बुश कुरकुरत असेल तर बहुधा रबर फाटलेले किंवा नळीपासून सुटलेले असते. त्यावर ग्रीस चोपडणे म्हणजे दुखऱ्या दातावर लवंग ठेवणे होय. आवाज दबतो, रोग तसाच राहतो.

एवढ्यावर थांबले असते तरी बरे. खनिज तेलाचे ग्रीस वरून नवा रोग लावते. नैसर्गिक रबर आणि खनिज तेल ही दोन्ही मुळात कार्बन व हायड्रोजन यांचीच बनलेली. सारखे सारख्यात मिसळते, या न्यायाने तेल रबराच्या लांबलचक साखळ्यांमध्ये शिरते. साखळ्या गंधकाच्या दुव्यांनी एकमेकींना बांधलेल्या असल्यामुळे (ही युक्ती चार्ल्स गुडइयरला १८३९ साली सापडली) रबर विरघळत नाही, पण फुगते, आणि फुगलेल्या रबरात जोर राहत नाही. येथे कोणी विचारील की इंजिनातले ऑइल सील जन्मभर तेलात बसलेले असते, ते कसे फुगत नाही? त्याचे उत्तर असे की ते रबर निराळे असते. ऑइल सीलला नायट्राइल रबर वापरतात. ते तेलाला दाद देत नाही. सस्पेन्शनच्या बुशाला मात्र लाखो वेळा पिळून घेण्याची ताकद हवी असते आणि त्या कामात नैसर्गिक रबराचा हात धरणारे थोडे. म्हणून बुशात बहुधा तेच असते.

ज्यांचा यावर विश्वास बसत नसेल त्यांनी घरी करून पाहावे. मी अण्णांच्याच गाडीच्या उजव्या बाजूच्या बुशाचे चांगले राहिलेले रबर ब्लेडने कापून दोन सारखे तुकडे केले. एक बाटलीत इंजिन ऑइलमध्ये टाकला, दुसरा किराणा दुकानातल्या एरंडेलात. पंधरा दिवसांनी पहिला तुकडा नुसत्या नजरेला जाड दिसत होता आणि वाकविला तर कडेला चिरत होता. एरंडेलातला जवळजवळ होता तसा होता. एरंडेल हेही तेलच, पण त्याच्या रेणूंत ऑक्सिजनयुक्त गट असतात, म्हणून रबराशी त्याचे जमत नाही. ते न जमणेच आपल्या फायद्याचे.

आता ग्रीसकडे वळू. ग्रीस म्हणजे साबणात धरून ठेवलेले तेल. मधाच्या पोळ्यात मध असतो तसे साबणाच्या तंतूंमध्ये तेल अडकलेले असते आणि दाब आला की थोडे थोडे बाहेर येते. साबण कोणत्या धातूचा, यावरून ग्रीसचे नाव पडते. जुने कॅल्शियम ग्रीस पाण्याला हटत नाही, पण शंभर अंश सेल्सियसच्या आसपास पातळ होऊन गळते. लिथियम ग्रीस, ज्याचे पेटंट क्लॅरेन्स अर्ल याने १९४२ साली घेतले, ते १८० अंशांपर्यंत टिकते, म्हणून आज दुकानात बहुतेक तेच मिळते. गंमत अशी की त्याचा साबण बहुधा एरंडेलापासूनच केलेला असतो. पण साबण एरंडेलाचा असला तरी त्यात धरलेले तेल खनिजच असते, हे विसरू नये. रबराला बाधते ते हे तेल.

डब्यावरचा क्रमांक म्हणजे घट्टपणा. पंचवीस अंशांवर ठराविक वजनाचा शंकू ग्रीसवर पाच सेकंद सोडतात, तो २६.५ ते २९.५ मिलिमीटर रुतला तर ते २ नंबर, २२ ते २५ रुतला तर ३ नंबर. ट्रक, टेम्पो, ट्रॅक्टर यांच्या कमानपाट्यांच्या शॅकल पिना, जेथे निपल बसविलेले असते आणि लोखंडावर लोखंड फिरते, तेथे २ नंबरचे ई.पी. लिथियम ग्रीस निःशंक वापरावे. गनने इतके भरावे की जुने काळे ग्रीस मातीसकट कडेने बाहेर यावे. आमच्याकडच्या चार महिन्यांच्या पावसात हे काम पावसाळ्याच्या आधी एकदा आणि नंतर एकदा केलेले बरे. येथे बैलगाडीचा नियम जशाचा तसा चालतो.

अण्णांच्या बाबतीत घोटाळा झाला तो रंगाने. ब्रेक सिलिंडरच्या रबरांना लावण्याचे एक ‘रबर ग्रीस’ असते. ते एरंडेलाच्या आधारावर केलेले आणि लाल रंगाचे असते. उष्णता सोसणारे लिथियम कॉम्प्लेक्स ग्रीसही पुष्कळदा लालच असते, आणि ते असते खनिज तेलाचे. दोन्ही शेजारी ठेवली तर फरक सांगणे कठीण. रंग हा कारखानदाराच्या मर्जीचा असतो, तो काही सांगत नाही. दुकानात ‘लाल ग्रीस द्या’ असे कधी मागू नये. ‘ब्रेकचे रबर ग्रीस’ असे मागावे आणि डब्यावरचे वाचून घ्यावे. उष्णता सोसण्याच्या फुशारकीला तर येथे काहीच अर्थ नाही. मे महिन्यात डांबर वितळले तरी बुश काही शंभर अंशांवर जात नाही.

मग रबराला वंगण कधीच नको काय? दोन ठिकाणी हवे. स्टॅबिलायझर दांड्याचा डी-आकाराचा बुश नुसता पट्टीने आवळलेला असतो, चिकटविलेला नसतो. तो धूळ बसून कोरडा पडला की खरोखरच घासतो आणि ओरडतो. त्यास सिलिकोन ग्रीसचा पातळ हात द्यावा. दुसरे म्हणजे पॉलियुरेथेनचे बुश, जे जीपवाले हौसेने बसवितात. त्यात आतली नळी सुटी असून फिरते, म्हणून वंगण हवेच. हा पदार्थ खनिज तेलाला रबराइतका भीत नाही, परंतु पावसात साधे ग्रीस धुऊन जाते. चिकट, घट्ट सिलिकोन ग्रीस टिकते. बुशाबरोबर त्याची पुडी आली असेल तर ती जपून वापरावी.

सिलिकोन ग्रीस स्पेअर पार्टच्या दुकानात विचारले की ‘तसले नाही’ असे उत्तर येते. त्यावर निराश होण्याचे कारण नाही. बेळगाव हे हायड्रॉलिक यंत्रांचे गाव. उद्यमबागेच्या बाजूला सील आणि ओ-रिंग विकणारे आहेत, त्यांच्याकडे विचारावे. नळजोडणीच्या दुकानांतही कधी लहान नळी मिळते. मात्र रेडिओ दुरुस्तीवाल्याकडची पांढरी हीट सिंक पेस्ट घेऊ नये. तीत सिलिकोन असले तरी झिंक ऑक्साइडची पूड कालवलेली असते आणि ती वंगण नव्हे. काहीच न मिळाल्यास ब्रेकच्या रबर ग्रीसवर काम भागते.

नवा बुश दाबून बसविताना तो सरकत नसेल तर साबणाचे पाणी लावावे. ते वाळून जाते आणि मागे काही ठेवीत नाही. आणखी एक. आर्मचा बोल्ट गाडी जॅकवर अधांतरी असताना शेवटचा आवळू नये. चाक लोंबकळत असताना आवळला तर गाडी खाली उतरताच रबर कायमचे पिळलेले राहते आणि नवा बुशही लवकर फाटतो. बोल्ट हाताने लावून गाडी चारी चाकांवर उतरवावी, पुढून दोनदा दाबून हलवावी, आणि मग खाली शिरून पाना लावावा. मिस्त्रीला कंटाळा येतो खरा, कारण खाली जागा कमी असते. आपण शेजारी उभे राहून तेवढे करवून घ्यावे.