वाचताना डोळा कुठे थांबतो, मेंदू कुठे अडखळतो

कुणाला तरी समोर बसवून वर्तमानपत्र वाचायला द्या आणि कागदाच्या कडेवरून त्याच्या डोळ्यांकडे पाहत राहा. नजर ओळीवरून एकसारखी सरकत जात नाही. ती थांबते, उडी मारते, पुन्हा थांबते, मधूनच मागेही येते. पॅरिसचे नेत्रतज्ज्ञ लुई एमिल जावाल यांनी १८७९ साली वाचनातल्या या उड्यांकडे लक्ष वेधलं. वाचणाऱ्याला मात्र त्यांचा पत्ता नसतो, कारण उडीच्या क्षणी डोळ्यांत उमटणारं पुसट चित्र मेंदू दाबून टाकतो.

उड्या माराव्या लागतात त्या डोळ्याच्या रचनेमुळे. दृष्टिपटलाच्या मध्यावरचा अगदी लहानसा भाग बारीक अक्षरं स्पष्ट पाहू शकतो. हात लांब करून अंगठा धरला तर अंगठ्याच्या रुंदीएवढंच क्षेत्र या भागाच्या वाट्याला येतं. या ओळीतल्या पहिल्या शब्दावर नजर रोखून शेवटचा शब्द वाचायचा प्रयत्न करा, म्हणजे हे लगेच पटेल.

हा प्रवास मोजणाऱ्या यंत्राला आय-ट्रॅकर म्हणतात. डोळ्यावर अवरक्त प्रकाश सोडायचा, बाहुली आणि बुबुळावर चमकणारा ठिपका कॅमेऱ्याने टिपायचा आणि त्यांच्यातल्या अंतरावरून नजर कुठे आहे हे काढायचं. चांगलं यंत्र हे काम सेकंदाला १००० वेळा करतं. इंग्रजी वाचकांवरच्या अशा मोजणीतून कळलं की डोळा एका ठिकाणी साधारण २०० ते २५० मिलिसेकंद थांबतो आणि एका उडीत ७ ते ९ अक्षरं ओलांडतो. १०० पैकी १० ते १५ उड्या मागच्या दिशेने असतात. ओळखीच्या शब्दावर मुक्काम छोटा, क्वचित भेटणाऱ्या शब्दावर मोठा. आणि जो शब्द येणारच असं वाटतं, त्याच्यावर डोळा पुष्कळदा थांबतही नाही.

एका मुक्कामात किती दिसतं, हे पाहण्यासाठी जॉर्ज मॅक्कॉन्की आणि कीथ रेनर यांनी १९७५ साली एक युक्ती केली. पडद्यावर नजरेभोवतीची थोडी अक्षरं खरी ठेवायची, बाकीची बदलून टाकायची. नजर हलली की ही खिडकीही तिच्याबरोबर हलते. खिडकी किती लहान केली की वाचन मंदावतं, ते पाहायचं. अशा प्रयोगांतून दिसलं की इंग्रजी वाचकाला डावीकडची ३-४ अक्षरं पुरतात, पण उजवीकडची सुमारे १५ लागतात. उजवीकडून डावीकडे लिहिल्या जाणाऱ्या हिब्रूत हा कल उलटा होतो. म्हणजे जिकडे वाचायचं आहे, तिकडे लक्ष आधीच धावलेलं असतं.

आता हे वाक्य वाचा: ‘बाईंनी मुलीला मदत करणाऱ्या शेजाऱ्याचे आभार मानले.’ ‘बाईंनी मुलीला’ इथवर आल्यावर बाईंनी मुलीला काहीतरी सांगितलं किंवा दिलं, असं आपण धरून चालतो. ‘करणाऱ्या’ येतो आणि ती मांडणी मोडते. मुलीला मदत शेजाऱ्याने केली आहे. लिन फ्रेझियर आणि रेनर यांनी १९८२ साली इंग्रजीतली अशी चकवणारी वाक्यं लोकांना वाचायला दिली. चकवा उघड होतो त्याच जागी डोळे जास्त वेळ थांबले आणि तिथून मागे फिरले. याचा अर्थ, वाक्य संपायची वाट न पाहता आपण शब्दागणिक अर्थ लावत जातो.

डोळा कुठे आणि किती वेळ अडला हे सांगतो. कशामुळे अडला हे मेंदूकडून काढून घ्यावं लागतं. त्यासाठी डोक्यावर इलेक्ट्रोडची टोपी चढवून ईईजी घेतात. शब्द वाचताना उमटणारा विद्युतदाबातला फरक काही मायक्रोव्होल्टचाच असतो आणि बाकीच्या हालचालींत बुडून जातो. म्हणून कितीतरी वाक्यांवरच्या नोंदींची सरासरी काढावी लागते.

मार्टा कुटास आणि स्टीव्हन हिलयार्ड यांनी १९८० साली शेवटी विसंगत शब्द येणारी वाक्यं दाखवली. मराठीत सांगायचं तर ‘आजीने पुरणपोळीवर वाढलं साजूक कुलूप.’ असा शब्द दिसल्यावर सुमारे ४०० मिलिसेकंदांनी ऋण दिशेची लाट उसळली. तिचं नाव एन४००. शेवटचा शब्द अर्थाला धरून, पण मोठ्या टाइपात दाखवला, तेव्हा ती उसळली नाही. म्हणजे हे निव्वळ दचकणं नव्हतं. पुढे असंही दिसलं की वाक्य बरोबर असलं तरी शब्द जितका अनपेक्षित, तितकी ही लाट मोठी. ‘मुलगी शाळेत गेला’ यासारख्या व्याकरणाच्या चुकीला सहसा वेगळी लाट येते, धन दिशेची आणि सुमारे ६०० मिलिसेकंदांनंतरची. तिला पी६०० म्हणतात.

दोन्ही यंत्रं एकत्र आणणं मात्र कठीण होतं. डोळा हलला की त्याचाच विद्युत संकेत मेंदूच्या संकेतावर पसरतो. म्हणून बरीच वर्षं ईईजीसाठी शब्द पडद्याच्या मध्यावर एकेक करून दाखवत आणि वाचकाने नजर हलवायची नाही, असा दंडक असे. पुढे डोळ्याचा संकेत गणिताने वेगळा काढणं जमू लागलं. २०११ साली बर्लिनमधल्या संशोधकांनी, मोकळेपणाने वाक्यं वाचणाऱ्यांमध्येही अपेक्षेनुसार लहानमोठा होणारा एन४०० दिसतो, हे दाखवून दिलं.

या साऱ्याचा वापर रोजच्या वाचनात आहे. वाचता वाचता मागे वळणाऱ्या मुलाला ‘पुढे बघ’ म्हणून दटावलं जातं; मागे न वळता झपाट्याने वाचायला शिकवणारे वर्गही असतात. २०१४ साली एलिझाबेथ शॉटर, रेनर आणि सहकाऱ्यांनी वाचून झालेले शब्द लगेच झाकून टाकले, म्हणजे मागे वळूनही काही हाती लागू नये. वाचकांचं आकलन घटलं. समजून घेणारा डोळा मागे जातोच. मुलाचं बोट मागच्या शब्दाकडे गेलं, तर ते तिथे राहू द्यावं.