लाख कोटींत एकदा, म्हणजे दर सतरा मिनिटांनी

जालन्याच्या मोंढ्यात दोन मुनीम एकाच वहीत शिल्लक लिहीत आहेत असं समजा. वहीत 100 पोती. दोघांनीही 100 वाचली. एकाने आलेली 10 मिळवून 110 लिहिली. दुसऱ्याने आपली 20 मिळवून त्यावरच 120 लिहिली. गोदामात 130 पोती, वहीत 120. दोघांची बेरीज बरोबर, चुकली ती वेळ. संगणकाच्या कर्नेलमध्ये, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्यात, प्रोसेसरचे दोन कोअर मेमरीच्या एकाच जागी असे भिडले की त्याला रेस कंडिशन म्हणतात. ड्रायव्हरमध्ये, म्हणजे उपकरण चालवणाऱ्या कोडमध्ये, हा धोका अधिक, कारण उपकरणाचा इंटरप्ट कधीही येतो आणि चालू काम मध्येच थांबवतो.

वाचणं आणि लिहिणं यांमधली ही फट किती बारीक, ते पाहा. 3 गिगाहर्ट्झच्या प्रोसेसरच्या एका ठोक्यात प्रकाशसुद्धा जेमतेम 10 सेंटिमीटर जातो. जालन्याहून छत्रपती संभाजीनगरपर्यंतचे सुमारे 60 किलोमीटर तो कापेपर्यंत असे 6 लाख ठोके पडतात. पुष्कळदा धोक्याची फट त्यांतल्या मोजक्या ठोक्यांची असते.

आता हिशेब मांडू. ड्रायव्हरमधलं एक काम सेकंदाला 1,000 वेळा होतं आणि टक्कर लाख कोटींत एकदाच होते, असं धरू. एका फोनवर ती सरासरी 100 कोटी सेकंदांनी, म्हणजे जवळजवळ 32 वर्षांनी होईल. तपासणाऱ्याची नोकरी संपेल, पण चूक दिसणार नाही. 2011 च्या जनगणनेत जालना जिल्ह्याची लोकसंख्या साडेएकोणीस लाखांवर होती. त्यांतल्या निम्म्या लोकांकडे एकेक फोन धरला, तर जवळजवळ 10 लाख फोन होतात. मग तीच टक्कर जिल्ह्यात कुठे ना कुठे दर सतरा मिनिटांनी होते. 2021 मध्ये गूगलने जगभरातली चालू अँड्रॉइड उपकरणं 300 कोटी सांगितली होती, आणि अँड्रॉइडचा पाया लिनक्स कर्नेलच आहे. तिथे त्याच हिशेबाने सेकंदाला तीन टकरी!

म्हणून ‘माझ्याकडे कधी झालं नाही’ हा पुरावा मी मानत नाही. डर्टी काऊ ही 2016 मध्ये उघड झालेली त्रुटी ड्रायव्हरमधली नव्हे, कर्नेलच्या मेमरी व्यवस्थेतली. पण तिचा इतिहास फार बोलका आहे. ती दुरुस्त करताना लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी लिहून ठेवलं, की अकरा वर्षांपूर्वी आपण ती मिटवण्याचा प्रयत्न केला होता, तो नीट झाला नव्हता, आणि तेव्हा जी टक्कर निव्वळ कागदावरची होती ती आता घडवणं सोपं झालं आहे.

ड्रायव्हरमधलंच उदाहरण हवं, तर एन_एचडीएलसी घ्या. 2009 मध्ये त्यात शिरलेली रेस अलेक्झांडर पोपोव्ह यांना 2017 मध्ये सापडली. हे मॉड्यूल सिंक्रोनस सिरियल जोडणीच्या कार्डांसाठीचं, पण धोक्यासाठी ते कार्ड यंत्रात असण्याची गरज नव्हती: मॉड्यूल उपलब्ध असेल तर साध्या वापरकर्त्याच्या एका सिस्टीम कॉलने ते आपोआप लोड होई. एकच बफर दोनदा मोकळा होत होता. दुरुस्ती म्हणून पोपोव्ह यांनी ड्रायव्हरची बफरांची घरची यादी काढून टाकली आणि तिथे कर्नेलची नेहमीची यादी बसवली.