तो जेवला होता का?

किल्लारीचा भूकंप ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे झाला. मी तेव्हा नुकताच बीए झालो होतो आणि एका दैनिकाला बातम्या पाठवायचो. चौथ्या दिवशी तिथल्या एका गावात कडुलिंबाखाली सात-आठ वर्षांचा मुलगा एकटाच बसलेला दिसला. "आई कुठं आहे?" मी विचारलं. उत्तर मला ठाऊक होतं; ते त्याच्या तोंडून हवं होतं. त्यानं ढिगाऱ्याकडं बोट दाखवलं. नाव, गाव, फोटोसकट ते छापून आलं. कात्रण घरी दाखवलं, तेव्हा अम्मीनं एवढंच विचारलं, "तो जेवला होता का रे?" मला सांगता आलं नाही.

मोठा माणूस 'मला बोलायचं नाही' म्हणू शकतो. मूल वही-पेन घेतलेल्या काकांना नाही म्हणत नाही. म्हणून त्यानं मान डोलावली की परवानगी मिळाली, असं समजू नये. पालकांना विचारावं आणि मुलालाही; हे छापून येईल, गावातले लोक वाचतील, हे त्याला कळेल असं सांगावं. ओळखीचं माणूस जवळ असू द्यावं. "मग काय झालं?" म्हणून खोदू नये, सांगताना मूल ते सारं पुन्हा भोगतं. ते गप्प झालं, की आपण वही मिटावी.

आता कायदाही आहे. लैंगिक अत्याचाराला बळी पडलेल्या मुलाचं नाव, पत्ता, छायाचित्र, शाळा, कुटुंब, शेजार यांतलं ओळख पटेल असं काहीही छापायला २०१२ च्या पोक्सो कायद्यानं मनाई आहे. नाव बदललं पण शाळा आणि गल्ली लिहिली, तर गाव ओळखतंच.

मग मुलांशी बोलूच नये का? जरूर बोलावं. संयुक्त राष्ट्रांची १९८९ ची बालहक्क संहिता भारतानं १९९२ साली स्वीकारली. आपलं म्हणणं मांडणं हा तिच्यात मुलाचा हक्क आहे. शाळेत मास्तर येत नाहीत, हे मुलाइतकं नेमकं कोण सांगणार? त्याला सांगायचं आहे ते ऐकावं. आपल्याला छापायचं आहे ते त्याच्याकडून वदवून घेऊ नये.

तो मुलगा आता चाळिशीला आला असेल. पुढं मी पुष्कळ कविता लिहिल्या. त्याच्यावर एकही लिहिली नाही. एकदा त्याला न विचारता त्याचं दुःख घेतलं होतं. दुसऱ्यांदा हात धजला नाही.

(आकाशवाणीवरील भाषण, संपादित)