निळा धूर: रंगापेक्षा वेळ बघा

सायलेन्सरमधून निळा धूर दिसला की अनेक गॅरेजमध्ये निकाल ठरलेला असतो: रिंग-पिस्टन गेले, इंजिन खोलावे लागणार. निळा धूर म्हणजे ऑइल जळते आहे, इतके खरे. पण ते सिलिंडरमध्ये कोणत्या वाटेने शिरले, हे नुसत्या रंगावरून कळत नाही. धूर केव्हा येतो ते बघावे लागते.

रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी सुरू करताच निळा झोत येऊन थोड्या वेळात थांबत असेल, तर पहिला संशय व्हॉल्व्ह सीलवर घ्यावा. सीलचे रबर कडक झाले की हेडमधले ऑइल व्हॉल्व्हच्या दांडीवरून खाली झिरपते. पेट्रोल गाडी कसारा घाट गिअरमध्ये उतरते तेव्हाही हेच होते. थ्रॉटल बंद असल्याने इंजिनची ओढ वाढते, ऑइल आत खेचले जाते आणि पायथ्याशी अ‍ॅक्सिलरेटर दाबला की मागे लोट उठतो. याउलट चढावर जोर लावताना सतत धूर येत असेल, तर रिंगांकडे किंवा टर्बो असल्यास त्याच्या सीलकडे बघावे. क्रँककेसमधली वाफ इनटेकमध्ये सोडणारा पीसीव्ही व्हॉल्व्ह हा तर स्वस्तातला भाग. तो बिघडला तरी ऑइल इनटेकमध्ये ओढले जाते. तो न तपासता इंजिन खोलणे हा ग्राहकावर अन्याय आहे.

‘कॉम्प्रेशन चांगले, म्हणजे रिंगा ठीक’ हेही अर्धसत्य. दाब धरतात त्या वरच्या रिंगा; ऑइल खरवडून खाली नेते ती ऑइल रिंग. ती कार्बनने जाम झाली तरी कॉम्प्रेशन उत्तम येऊ शकते. कॉम्प्रेशन कमीच आले, तर प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजतात. दाब वाढला तर रिंगा झिजल्या. तसाच राहिला तर दोष व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केटमध्ये.

धूर नाही म्हणजे ऑइल जळत नाही, हा सर्वांत महागात पडणारा समज. थोडे ऑइल जळत असेल तर तापलेला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर त्याचा धूर दिसूच देत नाही. २००७ ते २००९ च्या टोयोटा कॅमरीच्या २.४ लिटर इंजिनांबद्दल ऑइल खाण्याच्या तक्रारी आल्या, तेव्हा अमेरिकेत कंपनीने वॉरंटी वाढवून पिस्टन आणि रिंगा बदलून दिल्या. पण त्याआधी ऑइल पूर्ण भरून सुमारे १,९०० किमी गाडी चालवायची आणि घट मोजायची, अशी अट होती. ही मोजणी आपणही करू शकतो: सपाट जागा, इंजिन बंद करून काही मिनिटे थांबणे आणि डिपस्टिक. थोडी घट हा दोष नव्हे. टोयोटाच्याच अनेक मॅन्युअलमध्ये १,००० किमीला १ लिटर ही कमाल मर्यादा दिलेली असते. बीएस-६ डिझेलमध्ये मात्र पातळी वाढली तरी सावध व्हावे. डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, साफ होताना डिझेल ऑइलमध्ये उतरते आणि ऑइल पातळ होते.

पांढऱ्या धुराने उगाच घाबरू नये. १ लिटर पेट्रोल जळले की जवळपास तेवढेच पाणी तयार होते. थंडीत सकाळी तीच वाफ दिसते. इंजिन तापल्यावरही दाट पांढरा धूर येत राहिला आणि कूलंट घटत असेल, तर हेड गॅस्केट तपासावे. ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ थर दिसला म्हणून गॅस्केट गेलेच असेही नाही. गाडी रोज दोन-तीन किलोमीटरच फिरत असेल, तर तो नुसता दमटपणाही असतो.

उरला ‘जाड ऑइल टाका’ हा सल्ला. ०डब्ल्यू-२० साठी बनवलेल्या इंजिनात २०डब्ल्यू-५० घातल्याने धूर काही दिवस कमी होईलही, पण कडक सील मऊ होत नाही आणि जाम रिंग सुटत नाही. सकाळी थंड इंजिन सुरू करताना मात्र ते जाड ऑइल वरच्या भागांपर्यंत उशिरा पोचते.