विश्लेषण : आर्क्टिकमधील इवल्याशा जीवाचे वेळापत्रक का बिघडते आहे?

आर्क्टिकचा बर्फ वितळत असल्याची चर्चा निघाली की ध्रुवीय अस्वल डोळ्यांसमोर येते. मात्र तेथील अन्नसाखळीचा मोठा भार तांदळाच्या दाण्याहून लहान असलेल्या 'कॅलानस ग्लेशियालिस' या जीवावर आहे.

हा जीव कोणता?

कोळंबी-खेकड्यांच्या कवचधारी वर्गातील, कोपेपॉड गटातला हा प्राणिप्लवंग. प्रौढ जीवाची लांबी साधारण ३ ते ५ मिलिमीटर. अंड्यातून बाहेर आल्यावर तो नॉप्लियसच्या ६ आणि कोपेपोडाइटच्या ६ अवस्थांतून जातो. शेवटची अवस्था प्रौढ. हे चक्र पूर्ण व्हायला बहुधा १ ते २ वर्षे लागतात.

अन्नाविना हिवाळा कसा काढतो?

उन्हाळ्यात शैवाल खाऊन तो शरीरात मेणासारखा मेद साठवतो. हा साठा शरीराच्या शुष्क वजनाच्या निम्म्याहून अधिक असू शकतो. नंतर तो खोल पाण्यात सुप्तावस्थेत जातो.

दोन बहरांचे गणित काय?

वसंतात आधी बर्फाच्या तळाशी शैवाल वाढते. ते खाऊन माद्या अंडी घालतात. पहिल्या दोन अवस्थांत पिल्ले काहीच खात नाहीत. ती खाण्याजोगी होईपर्यंत बर्फ फुटतो आणि खुल्या पाण्यात वनस्पतिप्लवंगांचा दुसरा बहर येतो. स्वालबार्डमधील रिपफ्योर्डन येथे २००७ मध्ये या दोन बहरांत सुमारे दोन महिन्यांचे अंतर आढळले होते.

मग बिघडते कुठे?

बर्फ लवकर फुटला तर हे अंतर घटते. पिल्ले लहान असतानाच दुसरा बहर ओसरू शकतो. माद्या साठवलेल्या मेदावरही अंडी घालू शकतात, त्यामुळे ही प्रजाती अगदीच हतबल नाही. मात्र उबदार अटलांटिक पाण्यासोबत 'कॅलानस फिनमार्किकस' हा आकाराने लहान, कमी मेदाचा भाऊबंदही उत्तरेकडे येतो.

याची झळ कोणाला?

'लिटल ऑक' हा समुद्रपक्षी पिल्लांना प्रामुख्याने हेच जीव भरवतो. भक्ष्य कमी मेदाचे असेल, तर तेवढ्याच ऊर्जेसाठी त्याला कितीतरी अधिक जीव टिपावे लागतात. पोलर कॉड मासाही यांच्यावर जगतो. कॉडवर सील आणि सीलवर अस्वल. म्हणूनच बर्फ किती उरला, याइतकाच तो कधी फुटला हा प्रश्नही महत्त्वाचा ठरतो.