दुर्गंधीवर पोसणारे जंतु

न्हाणीघराची फरशी चार दिवस घासली नाहीं कीं तिच्यावरून पाय घसरूं लागतो. तिच्यावर चढलेला बुळबुळीत थर म्हणजे निव्वळ मळ नव्हे. असंख्य सूक्ष्म जंतूंनीं स्वतः स्रवलेल्या चिकट द्रव्यांत वसविलेली ती वसाहत असते. गृहिणीस नकोसा असलेला हाच थर मुद्दाम वाढवून त्याच्याकडून दूषित हवा शुद्ध करून घेतां येते.

या यंत्रास कोणी गाळणी म्हणतात, पण तें नांव फसवें आहे. गाळणींत घाण अडकून राहते. येथें ती खाल्ली जाते. एका उंच टांकींत लाव्ह्याचे खडे, प्लॅस्टिकचे तुकडे किंवा स्पंजासारखे ठोकळे भरतात, त्यांवर पाणी ठिबकत ठेवतात आणि पंख्याच्या जोरानें आंत हवा सोडतात. ठोकळ्यांवर जंतूंचा थर धरतो. हवेंतील दूषित वायु प्रथम पाण्यांत विरतो, तेथून थरांत झिरपतो, आणि जंतु प्राणवायूच्या साहाय्यानें त्याचें ज्योतीवांचून ज्वलन करतात. त्यावरच त्यांची उपजीविका चालते. अर्थात् जें पाण्यांत सहज विरत नाहीं, तें या टांकींतून बरेंचसें तसेंच निसटतें. धूर व धूळ यांवर तर हा उपाय नव्हेच.

मैलापाण्यांतून निघणारा हायड्रोजन सल्फाइड हा या जंतूंच्या विशेष आवडीचा वायु. सडक्या अंड्यांसारखी त्याची घाण अत्यल्प प्रमाणांतहि जाणवते. परंतु हवेच्या दहा लक्ष भागांत तो सुमारें 100 भाग झाला कीं नाक बधिर होतें, आणि घाण गेली असें वाटत असतांनाच माणूस मृत्यूच्या जवळ जात असतो. गटारांत उतरणाऱ्या कामगाराचें रक्षण हें यंत्र करूं शकत नाहीं, हें येथें स्पष्ट सांगितलें पाहिजे. तें बसतें मैलाशुद्धीच्या कारखान्यांत, जेथून हा वायु आसपासच्या वस्तीवर पसरतो.

या कामांतील एक प्रमुख जंतु वॉक्समन व जॉफी यांनीं 1922 सालीं वर्णिला. हेच वॉक्समन पुढें स्ट्रेप्टोमायसिनमुळें जगप्रसिद्ध झाले. हा जंतु गंधक खाऊन गंधकाम्ल करतो व त्या दाहक अम्लांत स्वतः सुखानें राहतो. पुढें 1945 सालीं ऑस्ट्रेलियांत सी. डी. पार्कर यांनीं याच जातकुळींतील जंतु गटाराच्या कोरल्या गेलेल्या काँक्रीटांतून वेगळा काढला. नळाचें छत पोखरणारा चोर तो हाच! त्याच्याच हातीं आतां राखणदारी देण्यांत आली आहे. मात्र टांकी अम्लास न जुमानणारी हवी.

हें काम किती झपाट्यानें होऊं शकतें याचा दाखला कॅलिफोर्नियांतील ऑरेंज काउंटी येथें मिळाला. तेथील मैलाशुद्धीच्या कारखान्यांत रसायनांनीं वायु धुण्याची टांकी होती. कॉस्टिक सोड्यासारखीं दाहक द्रव्यें सांठविणें व हाताळणें हें कामगारांच्या दृष्टीनें धोक्याचेंच. जंतूंच्या टांकींत मात्र हवा 10 सेकंद वा अधिक ठेवावी लागते, म्हणून टांकी पुष्कळ मोठी लागेल, अशी समजूत होती. डेव्हिड गॅब्रिएल व मार्क देशूसेस यांनीं त्या जुन्या टांकींतच फोमचे ठोकळे भरून जंतु वाढविले. 2003 सालीं त्यांनीं प्रसिद्ध केलेल्या वृत्तान्ताप्रमाणें अवघ्या 1.6 ते 2.2 सेकंदांच्या सहवासांत शेंकडा 95 हून अधिक वायु नाहींसा झाला.

तथापि रसायनाची टांकी चावी फिरवतांच काम करूं लागते; जंतूंची वसाहत वसण्यास कांहीं दिवस, क्वचित् आठवडेहि लागतात. पाणी थांबलें तर थर सुकतो. रंगाच्या कारखान्यास सुटी लागली कीं तेथील जंतु उपाशी राहतात. आणि खाणें फार झालें तर थर इतका माजतो कीं हवेची वाटच बुजते व पंख्यावर ताण पडतो; मग ठोकळे धुवावे लागतात. शिवाय या जंतूंना नुसता वायु पुरत नाहीं, नत्र व फॉस्फरसहि लागतो. मैलाशुद्धीच्या ठिकाणीं त्याची वाण नसते. तेथेंच शुद्ध केलेलें सांडपाणी टांकीवर ठिबकविलें म्हणजे काम भागतें.