ओलीस म्हणजे नेमकं काय?

अपहरण आणि ओलीस : माणसाला जबरदस्तीने पळवून नेलं की ते अपहरण. त्याला धरून ठेवून, मारण्याची धमकी देत, तिसऱ्याच कुणाकडून (सरकार, संस्था, कुटुंब) काही करवून घ्यायचं, तेव्हा तो ओलीस.

म्हात्रे प्रकरण : रवींद्र म्हात्रे, बर्मिंगहॅममधले भारतीय राजनैतिक अधिकारी. 3 फेब्रुवारी 1984 रोजी त्यांना पळवण्यात आलं. स्वतःला 'काश्मीर लिबरेशन आर्मी' म्हणवणाऱ्या गटाच्या मागण्या दोन : तिहार तुरुंगातल्या काश्मिरी फुटीरतावादी मकबूल भटची सुटका आणि 10 लाख पौंड. दोन-तीन दिवसांतच म्हात्रे यांचा मृतदेह लेस्टरशायरमध्ये सापडला. 11 फेब्रुवारीला भटला फाशी. पुण्यात मुठा नदीवरचा म्हात्रे पूल त्यांच्याच नावाचा. रोज त्यावरून जाणाऱ्या अनेकांना हे ठाऊक नसतं.

आंतरराष्ट्रीय कायदा
- जिनिव्हा करार, 1949 : युद्धातही नागरिकांना ओलीस धरण्यास मनाई.
- संयुक्त राष्ट्रांचा ओलीसविरोधी करार : 17 डिसेंबर 1979 रोजी स्वीकृत, 1983 पासून लागू. आरोपीवर खटला चालवा किंवा त्याला संबंधित देशाच्या हवाली करा, हे बंधन. भारत 1994 मध्ये सामील.
- रोम संविधी, 1998 : युद्धकाळात ओलीस धरणं हा युद्धगुन्हा. भारत सदस्य नाही.

भारतात : भारतीय न्याय संहिता, कलम 140(2), 1 जुलै 2024 पूर्वी भारतीय दंड संहिता, 364-अ. शिक्षा फाशी किंवा जन्मठेप, शिवाय दंड. ओलीस मुंबईतला असो की हिंगोली जिल्ह्यातल्या डोंगरकड्याचा, कलम तेच. तातडीच्या मदतीसाठी 112.